टेलिलेन्स टेकवायला बांबूची कैची: मापं कशी काढायची, बांबू कोणता घ्यायचा?

पाणवठा_नाशिक

नमस्कार मंडळी. परदेशात शिकारी लोक रायफल स्थिर ठेवायला दोन काठ्यांची कैची वापरतात. वरच्या टोकापासून थोडं खाली दोन्ही काठ्या एका बोल्टने जोडायच्या, फाकवल्या की खाली दोन पाय आणि वर बेचकी तयार होते. बंदुकीचा पुढचा लाकडी भाग त्या बेचकीत ठेवून नेम धरायचा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मला ही कैची कॅमेऱ्यासाठी हवी आहे.

निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात पाण्याच्या कडेने चालत फोटो काढताना ट्रायपॉड उघडून, पाय लावून होईपर्यंत दलदली भोवत्यासारखा शिकारी पक्षी निघून गेलेला असतो. मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, डावी-उजवीकडे डुलतो. कैची एका हाताने उघडते, लेन्स नुसती टेकवायची, पक्षी उडाला की उचलून घ्यायची. म्हणून हाच प्रकार बरा वाटतो.

माझ्याकडे १५०-६०० मिमीची झूम लेन्स आणि क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी आहे, दोन्ही मिळून ३ किलोच्या आत. उंची १६८ सेंमी. उभ्याने आणि छोट्या घडीच्या स्टुलावर बसून, दोन्ही प्रकारे वापरायची आहे. नेटवर मिळणाऱ्या मापांत बोल्ट वरच्या टोकापासून १० ते १२ सेंमीवर दाखवतात. तेच माप धरू का? टोमॅटोला लावतात त्या बांबूच्या काठ्या घरी पडून आहेत, त्या चालतील का? आणि लेन्सला ओरखडे पडू नयेत म्हणून बेचकीला काय गुंडाळायचं?

---

सातपूर_सुतारकी

१० ते १२ सेंमीचं माप धरू नका, लेन्स बेचकीत बसणारच नाही. ते माप रायफलचं आहे. रायफलचा पुढचा भाग ४-५ सेंमी रुंद असतो, तुमची लेन्स टेकवायच्या जागी साडेनऊ सेंमीच्या आसपास असेल. बेचकी खाली निमुळती होत जाते, त्यामुळे जाड वस्तू वरच अडकते. किती वर, ते हिशोबाने काढता येतं.

प्रत्येक काठी सरळ उभ्या रेषेपासून २० अंश कलली आहे असं धरा. लेन्सची त्रिज्या ४.८ सेंमी, दाबला गेलेला फोम ०.६, काठीची अर्धी जाडी १.२. बेरीज ६.६ सेंमी. याला २० अंशाच्या टॅनने, म्हणजे ०.३६४ ने भागलं की १८ सेंमी येतात. लेन्स काठीला बोल्टपासून १८ सेंमीवर टेकणार. त्याच्या वर निदान ४ सेंमी काठी शिल्लक हवी, नाहीतर लेन्स जराशी वळवली की टोकावरून सटकेल. म्हणून बोल्ट वरच्या टोकापासून २२ सेंमीवर घ्या.

कोन कमी केला तर? १५ अंशाला लेन्स २४-२५ सेंमीवर टेकते, हात आणखी लांब लागतात. ३० अंशाला ११-१२ सेंमीवर टेकते, पण उभ्याच्या उंचीला पाय दीडशे सेंमीच्या वर फाकतात आणि बांधावर तेवढी जागा नसते. २० अंशाला पायांमधलं अंतर साधारण ९५ सेंमी येतं. तेवढं सांभाळता येतं.

आता लांबी. १६८ सेंमी उंचीच्या माणसाचा डोळा बूट घालून साधारण १५८ वर असतो. व्ह्यूफाइंडर लेन्सच्या मध्यरेषेच्या ५-६ सेंमी वर असतो, आणि पाय थोडे फाकवून, जरा पुढे वाकून उभं राहायचं असतं. म्हणून लेन्सचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमी धरा. लेन्सचा मध्य बोल्टच्या १९ सेंमी वर असतो (६.६ भागिले ०.३४२). म्हणजे बोल्ट १२९ वर. पाय कललेले असल्याने बोल्टखालची काठी १३७ सेंमी लागते, आणि कैची तुमच्याकडे थोडी झुकवून वापरायची असल्याने दोनेक सेंमी जास्त. १३९ आणि वरचे २२, एकूण १६१. काठ्या १६५ च्या कापा. उभं राहून, डोळा लावून बघा आणि जादा भाग खालून कापा. वरून कापू नका, बेचकीचं माप बिघडेल.

बसून वापरायला वेगळी जोडी बनवायची गरज नाही. ३० सेंमी उंच स्टुलावर बसलं की हाच हिशोब एकूण ११० सेंमीच्या आसपास येतो. म्हणून प्रत्येक काठी वरून ११० सेंमीवर कापून दोन तुकडे करा आणि खालचा तुकडा नळीच्या जोडाने लावा. वर ११०, खाली ५० ते ५५. खालचे तुकडे काढले की बसायची कैची तयार, आणि दुचाकीवर नेतानाही त्रास नाही. जोडाला ॲल्युमिनियमची २० सेंमी लांब नळी घ्या. १० सेंमी वरच्या तुकड्यावर एपॉक्सीने कायमची चिकटवा, उरलेल्या १० सेंमीत खालचा तुकडा सरकवा. तो सैल असला तर सगळी कैची लटपटते. बांबू कानशीने घासत घासत घट्ट बसेल असा करा, आणि जास्त घासला गेलाच तर मेण लावलेला दोरा गुंडाळून भरून काढा. इन्सुलेशन टेप गुंडाळू नका, उन्हात त्याचा चिकटा वितळून जोड अडकतो.

बोल्ट ६ मिमी जाड, ६५ मिमी लांब. वायसर तीन: एक बोल्टच्या डोक्याखाली, एक नटाखाली, आणि एक दोन काठ्यांच्या मध्ये. मधला प्लास्टिकचा हवा, तेलाच्या कॅनचा गोल तुकडा कापला तरी चालतो. धातूचा घातला तर उघडताना करकरतो आणि पाण्यावरचं शांत पाखरू मान वर करतं. नट आत नायलॉनचं कडं असलेलाच घ्या. साधा नट चार वेळा उघडझाप केली की सुटतो. काठ्या उघडताना जरा जोर लागावा, पण सोडल्यावर त्या जागच्या जागी राहाव्यात, एवढंच आवळायचं.

भोक पाडताना बांबू चिरतो तो घाईमुळे. आधी भोकाच्या जागेच्या वर-खाली दोन-दोन सेंमी नायलॉनचा दोरा एकाला एक लागून घट्ट गुंडाळा, त्यावर एपॉक्सी लावा, पूर्ण वाळू द्या. मग ३ मिमीचं बिट, नंतर साडेसहाचं. ड्रिल मंद फिरवा आणि पलीकडून लाकडाचा तुकडा धरा, म्हणजे बाहेर पडताना साल उचकटणार नाही. भोक शक्यतो गाठीच्या लगत पाडा, तिथे बांबू आतून बंद असतो. पोकळ भागात पाडावं लागलंच तर आत लाकडाची गुल्ली ठोकून घ्या, नाहीतर नट आवळल्यावर बांबू चेपतो.

आणि एक गोष्ट बहुतेक चित्रांत दाखवत नाहीत, ती म्हणजे पायांमधली दोरी. २० अंशाच्या बेचकीत ३ किलो वजन ठेवलं की ते दोन्ही हातांना बाहेर ढकलतं, प्रत्येकी साधारण ४.४ किलोच्या जोराने. कैचीचे वरचे हात फाकले की खालचे पायही फाकतात. गवतावर पाय धरून राहतात, पण फरशीवर किंवा ओल्या दगडावर कैची हळूहळू खाली बसते आणि फ्रेम सरकत जाते. बोल्टच्या ८० सेंमी खाली दोन्ही काठ्यांना दोरी बांधा, ताणल्यावर ५५ सेंमी भरेल अशी. दरवेळी तोच कोन, तीच उंची मिळेल. दोरी पॉलिएस्टरची घ्या, ३-४ मिमी. नायलॉन ओला झाला की ताणतो.

बेचकीला एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम, ९ मिमी जाडीचा. एसी दुरुस्तीच्या दुकानात मीटरवर मिळतो. वरच्या २२ पैकी १६-१७ सेंमी झाकले की पुरे. फोम उघडा ठेवला तर लेन्सला पकडतो आणि पक्ष्याबरोबर लेन्स फिरवताना झटके बसतात. त्यावर जाड सुती कापडाची किंवा कॅनव्हासची खोळ शिवा, लेन्स अलगद सरकेल.

---

कडवाकाठ

सुतारकी दादांनी मापं नीट दिली आहेत. मी बांबूबद्दल लिहितो, कारण या कामाचं यश अर्धं तिथेच ठरतं.

टोमॅटोच्या काठ्या नकोत. त्या बहुतेक कोवळ्या तोडलेल्या, पोकळ आणि पातळ सालीच्या असतात. वेलीचं ओझं उभं खाली येतं, ते त्यांना पेलतं. कैचीत बोल्टजवळ काठी वाकवली जाते आणि भोकापासूनच ती फाटते. भोक न पाडता सायकलच्या ट्यूबची पट्टी आठाच्या आकड्यात गुंडाळून तात्पुरती कैची करायची असेल, मापं तपासून बघायला, तर मात्र या काठ्या छान आहेत. बांबू आणायच्या आधी तेवढं जरूर करून बघा.

खरी कैची मानवेलीची करा. बुडख्याकडचा भाग जवळजवळ भरीव असतो, लाठ्या त्याच्याच होतात. कोकणातून येणारा माणगा मिळाला तर तोही उत्तम, तो सरळ असतो आणि गाठी फार वर येत नाहीत. कळक नको, जाड, पोकळ आणि काटेरी. जाडी बुडख्याला २४-२५ मिमी, शेंड्याकडे १८ च्या खाली नको. काठी लावताना बुडखा वर ठेवा. पुष्कळजण सवयीने जाड टोक जमिनीकडे करतात, पण सगळ्यात जास्त ताण बोल्टपाशी येतो, म्हणून जाडी तिथे हवी.

वखारीत निवडताना रंग बघा. हिरवागार, अंगावर पांढरी भुकटी असलेला बांबू कोवळा. तो वाळताना आक्रसतो, सुरकुततो आणि बोल्टचं भोक सैल पडतं. तीन वर्षांच्या पुढचा जून बांबू मळकट पिवळसर दिसतो, सालीवर डाग असतात, टिचकी मारली की टणक आवाज येतो. तोड पावसाळ्यानंतर, थंडीतली असावी. पावसाळ्यातल्या तोडीत पिष्ट जास्त राहतं आणि पोखरणारा भुंगा त्यासाठीच येतो. काठीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली की समजायचं, किडा आत आहे.

कीड टाळायची जुनी रीत म्हणजे तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवणं. पिष्ट विरघळून जातं, वास मात्र येतो. दुसरी रीत बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स, २०० ग्रॅम बोरिक ॲसिड, त्यात आठ-दहा दिवस. भरीव बांबूत हे पाणी सालीतून आत जात नाही, कापलेल्या टोकांतून जातं. म्हणून तुकडे मापाला कापून मगच बुडवा. हातमोजे घाला आणि हे पाणी विहिरीच्या किंवा झाडांच्या आसपास ओतू नका.

वाळवणं सावलीतच. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात ओला बांबू ठेवला की साल आधी वाळते, आतला भाग ओलाच राहतो, आणि उभी चीर जाते. सावलीत, वारं लागेल तिथे, तीन ठिकाणी टेकू देऊन आडवा ठेवा. सहा ते आठ आठवडे लागतात. दर आठवड्याला वजनकाट्यावर घाला. वजन उतरायचं थांबलं की बांबू वाळला. त्याआधी भोक पाडू नका, जोडाची नळी चिकटवू नका. नळी सैल पडायचं मुख्य कारण ओला बांबूच असतं.

वाकडेपणा काढायला गॅसची शेगडी पुरते. वाकलेला भाग आचेवर सतत फिरवत शेका. सालीवर तेलासारखी चमक आली की गुडघ्यावर किंवा दारातल्या फटीत धरून हळू सरळ करा, तसंच धरून ओलं फडकं फिरवा. गार झाल्यावर तसाच राहतो. साल काळी पडली तर आच जास्त झाली, तिथे बांबू ठिसूळ होतो. काठी पूर्ण वाळलेली आणि भोक न पाडलेली असतानाच हे करा.

शेवटी जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन हात, मधे एक दिवस जाऊ द्या. व्हार्निश चकाकतं, पाण्यावर ऊन पडलं की लांबून दिसतं. कापलेल्या टोकांना एपॉक्सी लावा, ओल तिथूनच आत शिरते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. उघडी पसरून वाळवा.

आता पाय. काठ्यांना लावायचे रबरी बूट सर्जिकल दुकानात मिळतात, वॉकिंग स्टिकचे. १९ किंवा २२ मिमी, आपल्या काठीच्या मापाचे घ्या. खडकावर, फरशीवर ते पुरेसे आहेत. मधमेश्वरच्या कडेची काळी माती वेगळी, तिच्यात बारीक पाय आरामात वीतभर आत जातो, तोही दोन्ही बाजूंनी सारखा नाही, आणि क्षितिज तिरकं होतं. जुन्या चपलेच्या तळव्यातून ९-१० सेंमी व्यासाच्या चकत्या कापा, मधे काठीपेक्षा किंचित लहान भोक पाडा आणि रबरी बुटाच्या वर सरकवून बसवा. बूट थोडा रुततो आणि चकती थांबवते. चिखल सुकला की चकती काढून झटकता येते.

बांबू वखारीतून किंवा शेतकऱ्याकडूनच घ्या. २०१७ च्या दुरुस्तीपासून वनाबाहेर वाढलेला बांबू कायद्याने झाड धरला जात नाही, त्यामुळे बांधावरचा बांबू घ्यायला अडचण नाही. वनक्षेत्रातला परवानगीशिवाय तोडणं हा गुन्हाच आहे.

---

पाणवठा_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. मानवेलच घेतो. आणखी दोन शंका. ॲल्युमिनियमचा पाइप घेतला तर वाळवण्याचा खटाटोप वाचेल, त्यात काय तोटा? आणि सोबत स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण) आहे, २०-६० पटीचा. तोही याच कैचीवर चालेल का?

---

सातपूर_सुतारकी

पाइप चालतो. १९ मिमी बाहेरचा व्यास, दीड मिमी पत्रा. यापेक्षा पातळ घेतला तर भोकापाशी घडी पडते. पडद्याचे स्टीलचे रॉड म्हणूनच नकोत. वजनात फारसा फरक पडत नाही, दोन्हीची कैची पाऊण ते एक किलोत बसते. तोटा असा की पाइप दगडाला लागला की टणकन वाजतो, आणि बोटाचा धक्का बसला तर कंप बांबूपेक्षा जास्त वेळ टिकतो. मॅट रंग देऊन, हाताच्या जागी जुनी सायकल ट्यूब चढवली तर बरंच कमी होतं. वायरिंगचा पीव्हीसी पाइप मात्र घेऊ नका, तो नुसता लवतो. पाइप घेतला तर काठीची अर्धी जाडी १.२ ऐवजी ०.९५ धरून हिशोब परत करा. फरक अर्ध्या-पाऊण सेंमीचाच येईल.

---

स्कोपवाली_निफाड

स्कोपसाठी कैची पुरत नाही. कैचीला दोन पाय आहेत, तिसरा पाय म्हणजे आपलं शरीर. कॅमेऱ्याला सेकंदाचा हजारावा भाग स्थिर राहिलं तरी भागतं. स्कोपमधून आपण मिनिट-मिनिट बघत असतो, आणि ६० पटीवर हाताची थरथरही ६० पट दिसते. २०-२५ पटीवर, बसून, कैचीवर थोडा वेळ बघता येतं. चक्रवाक आणि पट्टकदंब ओळखायला तेवढं पुरे. पण थव्यातला एखादा वेगळा चिखल्या शोधायचा असेल तर तीन पायच हवेत.

मानवेलीच्या तीन काठ्यांची तिपाई घरी होते. डोक्याला सागाचा ठोकळा घ्या, ८० मिमी लांब-रुंद आणि ४० मिमी जाड, कडा कापून षटकोनी करा. एकाआड एक तीन बाजूंना काठी मावेल एवढ्या रुंद खाचा करा. प्रत्येक पाय खाचेत ६ मिमीच्या आडव्या बोल्टवर फिरेल. खरं काम खाचेच्या मागच्या भिंतीचं: ती अशी तिरकी तासायची की पाय उभ्या रेषेपासून २२ ते २५ अंश उघडला की त्याचं वरचं टोक भिंतीला टेकून थांबेल. मग खाली दोरी बांधावी लागत नाही. तिन्ही भिंतींचा कोन पत्र्याचा एकच साचा कापून तपासा. एक जरी कमी-जास्त झाली तरी ठोकळा कलतो.

ठोकळ्यावर थेट स्कोप लावू नका, फिरवता येत नाही. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांकडे जुने पॅन हेड (ट्रायपॉडवरचं फिरतं डोकं) पडून असतात, त्यातलं एक घ्या. बोल्ट लावताना आट्यांकडे लक्ष द्या. कॅमेरा आणि स्कोपच्या तळाचं भोक पाव इंची, इंचाला २० आट्यांचं असतं. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची मागितलं की ६ मिमीचा बोल्ट हातात देतात, कारण दिसायला सारखाच असतो. ६ मिमीच्या आट्यांचं अंतर १ मिमी, पाव इंचीचं १.२७. दोन फेरे आत जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की स्कोपचे आटे कायमचे जातात. जुन्या पद्धतीचा पाव इंची व्हिटवर्थ बोल्टही २० आट्यांचाच असतो, तो चालतो. वर फक्त ५ मिमी बाहेर यावा. जास्त आला तर भोकाच्या तळाला लागतो. मोठ्या हेडच्या तळाला बऱ्याचदा तीन अष्टमांश इंची, १६ आट्यांचं भोक असतं, ते आधी बघून घ्या.

तुमच्या स्कोपची आयपीस (डोळा लावायची बाजू) ४५ अंशात वळलेली असेल तर तिपाई बुटकी ठेवता येते, १३० सेंमीच्या आसपास. वाकून वरून बघायचं. बुटकी तिपाई वाऱ्यात कमी हलते, आणि लहान मुलांनाही बघता येतं. सरळ आयपीस असेल तर डोळ्याच्या उंचीलाच जावं लागतं.

लावताना एक पाय पक्ष्यांच्या दिशेला ठेवा, आपण बाकी दोघांच्या मधे उभं राहायचं, म्हणजे पायाला ठोकर लागत नाही. वारा असेल तर ठोकळ्याखाली दगड भरलेली पिशवी अडकवा, पण ती जमिनीला जेमतेम टेकू द्या. अधांतरी लोंबती ठेवली तर तीच झोके घेते आणि तिपाईला हलवते.

पहाटे ६० पटीच्या मागे लागू नका. ६५ मिमी भिंगाच्या स्कोपला ६० पटीवर डोळ्यापर्यंत येणारी प्रकाशाची चकती १.१ मिमीचीच उरते, चित्र अंधारतं. ३० पटीवर ती दुप्पट होते. सूर्य वर येईपर्यंत २५ ते ३० मध्येच राहा.

---

पंखपाहणी

बांधकाम सगळं आलं, वापराबद्दल थोडं लिहितो. कैची हातात आल्यावर पहिल्या दिवशी बहुतेकांना वाटतं की हिचा उपयोग नाही, कारण ते तिला सरळ उभी करतात. तशी ती पुढे-मागे झुलत राहते. पाय लेन्स टेकते त्या जागेच्या सरळ खाली न ठेवता तिथून २०-२५ सेंमी पुढे टेकवा म्हणजे कैची आपल्याकडे झुकेल, आणि लेन्सने तिला हलकेच पुढे रेटा. तो रेटा आणि तिचं झुकणं एकमेकांना अडवतात, तिथे ती स्थिर होते. डावा हात लेन्सच्या पुढे नेऊ नका. बेचकीच्या वर, दोन्ही काठ्यांसकट लेन्स मुठीत धरा, कोपर बरगडीला लावा.

लेन्स झूमच्या किंवा फोकसच्या रिंगवर टेकवू नका. फिरवताना काठीच रिंग फिरवते आणि फोकस जातो. ट्रायपॉडचा पाय असलेली कॉलर वळवून पाय वर करा आणि कॉलरच्या लगत, पक्क्या नळीवर टेकवा. झूम लांबवली की तोल पुढे सरकतो, म्हणून टेकवायची जागा ६०० वर नेऊन ठरवा.

लेन्समधलं कंपरोधन चालूच ठेवा. पक्क्या ट्रायपॉडवर ते बंद करायला सांगतात, पण इथे आपलं शरीर जोडलेलं आहे. क्रॉप सेन्सरवर ६०० ची लेन्स ९०० सारखी वागते, त्यामुळे नुसत्या हातात शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या खाली नेऊ नये. बसून, कैचीवर, कंपरोधन चालू असेल तर शांत उभ्या जांभळ्या बगळ्याला अडीचशेवा भागही पुरतो. चरणाऱ्या शेकाट्याला मात्र हजारावाच लागतो, कारण तिथे पक्षी हलतो आहे, तुम्ही नाही. श्वास सोडून झाल्यावर चार-पाच फ्रेमची फैर घ्या. पहिली फ्रेम बटणाच्या दाबाने हललेली असते, तिसरी-चौथी बघा. पक्षी उडाला की लेन्स बेचकीतून वर उचला आणि कैची तशीच सोडा, पडू द्या, मानवेलीला काही होत नाही.

फोटो मऊ आला की लगेच कैचीला दोष देऊ नका. कडा एकाच दिशेने दुहेरी दिसत असतील तर ती थरथर. दोन हजाराव्या भागालाही सगळीकडून सारखंच मऊ, वितळल्यासारखं येत असेल तर ती हवेची लाट. निफाडकडे थंडीत पहाटे हवा फार गार असते, ऊन चढलं की जमीन तापते आणि पाण्याच्या कडेने हवा थरथरू लागते. दहाच्या पुढे, शंभर मीटरपलीकडच्या पक्ष्याला कोणतीही काठी, कोणतीही लेन्स वाचवत नाही. जवळचा पक्षी बघा किंवा संध्याकाळची वाट बघा.

निरीक्षण मनोऱ्यावर कैची नेऊ नका. जागा अडते, आणि दुसरा कोणी चालला की फळी हलते, ते थेट काठ्यांतून लेन्सला पोचतं. तिथे कठड्यावर धान्याची पिशवी चांगली. जाड कापडाची, २५ बाय २० सेंमी, आत दीड-दोन किलो मूग, दोन तृतीयांशच भरायची म्हणजे लेन्स तिच्यात रुतून बसते. मुगाऐवजी तांदूळ चालतो. वाळू नको, शिवणीतून गळते आणि लेन्सच्या रिंगमध्ये जाते. पिशवी भिजली तर धान्य त्याच दिवशी बदला, कोंब फुटतात.

मार्चनंतर कैची घेऊन पाण्याच्या अगदी कडेला बसू नका. टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, ती मातीच्या रंगाची असतात, आणि तुमची नजर व्ह्यूफाइंडरमध्ये असताना चकतीचा पाय नेमका त्यांच्यावर पडू शकतो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या वाटेनेच, पाऊल बघत मागे फिरा. लांबून कापडात गुंडाळलेली लेन्स आणि कैची बंदुकीसारखी दिसते हेही लक्षात असू द्या. फाटकावर नोंद करा, स्थानिक गाइड सोबत घ्या आणि वनरक्षकाला कैची उघडून दाखवा.

---

पाणवठा_नाशिक

पुढे-मागे झुलण्याचं कारण आत्ता कळलं. आधी टोमॅटोच्या काठ्या आणि ट्यूबवर २२ सेंमीचं माप तपासतो, मग वखारीत जातो. सुतारकी दादा, माझ्या लेन्सला टेकवायच्या जागी मोजलं तर १० सेंमी भरते. बोल्ट किती खाली घेऊ?

---

सातपूर_सुतारकी

त्रिज्या ५ धरा. ५ अधिक ०.६ अधिक १.२, म्हणजे ६.८. भागिले ०.३६४, साधारण १८.७. त्यात ४ मिळवा. बोल्ट २३ सेंमीवर घ्या, एकूण लांबीही एक सेंमीने वाढवा, आणि फोम १८ सेंमीपर्यंत चढवा.